१५ वर्षं हँगरमध्ये उभं असलेलं छोटं विमान विकत घेऊन स्वतः दुरुस्त करता येईल का? इंजिन हाताने फिरतंय, मग आधी सुरू करून बघावं का?

सुरू करून बघू नका. बाकीचं सगळं सांगते, पण बॅटरी चार्जिंगला लावून बसला असाल तर ती आधी काढा.

तुम्ही लिहिलंय की विकणारा दर महिन्याला येऊन प्रॉपेलर हाताने फिरवतो, इंजिन अगदी मोकळं आहे आणि तो म्हणतो की म्हणूनच ते टिकलंय. नेमकं हेच मी आणि माझ्या मोठ्या भावाने एका हँगरमध्ये उभं राहून ऐकलं होतं. दादा खूश झाला. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, तीस वर्षं त्याने मोटारींची इंजिनं उघडली-जोडली होती आणि लोकांनी भंगारात काढलेल्या गाड्या चालू करून दिल्या होत्या. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. माझ्याकडे होती ती फक्त लायकॉमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीची पत्रकं, छापून फाइलला लावलेली. त्या फाइलवरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

विमान होतं १९६७ चं पायपर चेरोकी १४०. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, १५० हॉर्सपॉवर. सतरा वर्षं जागचं हललेलं नाही. ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून नव्याने बांधल्यावर) इंजिन जेमतेम ६४० तास चाललेलं. दादाचा हिशेब सोपा होता: कंपनीच्या पत्रकात पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत २,००० तास सांगितलेत, आपले ६४० झाले, म्हणजे तीनातले दोन भाग आयुष्य शिल्लक आहे. त्याच पत्रकात पुढे १२ वर्षांची मर्यादाही आहे, तास पूर्ण होवोत न होवोत. ती ओळ मी त्याला दाखवली. तो म्हणाला, "अगं, लोखंडाला कॅलेंडर कळत नाही."

लोखंडाला कॅलेंडर चांगलं कळतं. ओ-३२० मध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्यावरचे फुगवटे म्हणजे लोब) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसवलेला असतो. इंजिन चालू असताना उडणाऱ्या तेलाने तो भिजतो. बंद झालं की तेल निथळून खाली उतरतं आणि काही आठवड्यांत कॅमचे लोब जवळजवळ कोरडे पडतात. इंजिनच्या आत हवा असतेच, तिच्यात ओलावा असतोच. रात्री धातू गार पडला की त्यावर पाणी धरतं. सतरा वर्षं रोज हेच. लोबवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की टॅपेटचा (लोबची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणाऱ्या भागाचा) तोंडाकडचा भाग त्या ठिपक्यांवरून घासत जातो. गंज पुसला जातो, खड्डे तसेच राहतात. लोबच्या पृष्ठभागाचा पातळ थर मुद्दाम कडक केलेला असतो, तो या खड्ड्यांच्या कडेने फुटायला लागतो आणि मग खवले निघतात.

आणि हाताने प्रॉपेलर फिरवण्याने यातलं काहीही थांबत नाही. त्या वेगाला ऑइल पंप तेल वर चढवू शकत नाही, उलट सिलिंडरच्या भिंतींवर आणि लोबवर जो काही ओशटपणा उरलेला असतो तो पुसला जातो. कंपनीने हे लिहून ठेवलंय. महिन्यातून एकदा दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवणं त्याहून वाईट, कारण जळलेल्या पेट्रोलातून पाणी तयार होतं आणि तेल पुरतं तापलं नाही तर ते पाणी तेलातच राहतं. तेल ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचून विमान तासभर उडालं तरच त्या चालवण्याला अर्थ आहे. तेव्हा तुमचा विकणारा प्रामाणिकच असेल, पण त्याने पंधरा वर्षं मनापासून चुकीची गोष्ट केलीय.

आम्ही पंख उतरवून विमान ट्रकने आणलं. तुम्हीही तसंच आणा. "एकदा उडवत आणू" असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी हा विषय बोलू नका.

विमानाच्या सांगाड्याला चौदा महिने लागले आणि तो काळ आम्हा दोघांचा फार चांगला गेला. चेरोकीच्या पेट्रोलच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेत बसतात, ओळीने स्क्रू मारलेल्या. त्या काढल्याशिवाय टाकी आणि मुख्य स्पार (पंखाचा कणा) यांच्यामधली जागा दिसत नाही, आणि ओल नेमकी तिथेच साठते. पायपरचं त्या जागेसाठी वेगळं सर्व्हिस बुलेटिन आहे. डाव्या टाकीचे स्क्रू इतके धरले होते की पहिल्या दिवशी सहा निघाले. दादाने एकही खाच सोलू न देता, तेल मुरवत, हलके ठोके देत तीन आठवड्यांत दोन्ही टाक्या उतरवल्या. ते काम मला जमलं नसतं. स्पार स्वच्छ निघाला. पांढरी भुकटी, रंगाखाली फुगवटे, रिव्हेटभोवती काळे ओघळ, यातलं काही नव्हतं. त्या रात्री आम्ही हँगरमध्येच झोपलो.

उंदरांनी मात्र मागच्या सीटमागे घर केलं होतं. उंदराचं मूत अॅल्युमिनियम खातं, त्यामुळे आतलं सगळं अस्तर काढून पत्रा उघडा करून पाहावाच लागतो. नुसती घरटी काढून भागत नाही. पिटो नळीत (विमानाचा वेग मोजणारी नळी) आणि टाकीच्या एका हवानळीत कुंभारमाशीने माती भरली होती. हवानळी बंद असेल तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिनपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ती तार घालून तपासा. रबराच्या सगळ्या नळ्या बदला, चांगल्या दिसत असल्या तरी. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) उघडून घ्या. जुनं पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढा आणि कार्ब्युरेटरही उघडा, खाली डिंकासारखा थर बसलेला असतो.

ब्रेकचं एक सांगायलाच हवं. दादाने सवयीने मोटारीचं ब्रेक ऑइल घातलं. विमानाच्या ब्रेकला तांबडं, खनिज तेलाचं हायड्रॉलिक फ्लुइड लागतं आणि ओ-रिंगही (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) त्याच तेलाला चालणाऱ्या असतात. मोटारीच्या तेलाने त्या फुगल्या आणि गळायला लागल्या. सगळं पुन्हा उघडून धुवावं लागलं. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण "इंजिन ते इंजिन, ब्रेक ते ब्रेक" हा त्याचा समज तिथेच अडवता आला असता.

मग इंजिनची पाळी आली. मी म्हणत होते, निदान एक पुढचा आणि एक मागचा सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी पाहू. या चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरना इन्टेकचा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) एकच लोब असतो, म्हणजे चौघांना मिळून दोन, त्यामुळे सगळ्यात जास्त काम त्या दोन लोबना पडतं आणि सहसा आधी तेच जातात. दादाने त्याऐवजी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते, तपासलं. ८० पीएसआय (दाबाचं एकक) हवा दिली तेव्हा चारही सिलिंडरनी ७२ ते ७६ धरून ठेवला. "बघ," तो म्हणाला, "नवं इंजिन याहून काय वेगळं असतं?" कॉम्प्रेशनने रिंग आणि व्हॉल्व्ह कळतात. कॅमला अर्धा लोब उरला नसला तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं, कारण तपासताना व्हॉल्व्ह बंदच असतात. मी हे सांगितलं. ज्या इंजिनिअरच्या सहीवर सगळं चाललं होतं त्यांनीही सिलिंडर उघडावा असं सुचवलं, पण हट्ट धरला नाही. पैसे संपत आले होते, हेही खरं.

इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. इतका सुंदर आवाज होता की मी रडले. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी माझ्या फाइलमधलं एकही पान कोणी ऐकून घेतलं नसतं. मी स्वतःसुद्धा नाही.

आम्ही दोघांनी मिळून २३ तास उडवलं. पंधराव्या तासाच्या आसपास मला वाटायला लागलं की विमान चढायला कुरकुरतंय. सुरुवातीला मी एकटी असताना मिनिटाला ६०० फूट सहज चढायचं, ते ४५० वर आलं. दादा म्हणाला उकाडा आहे. उकाड्यात फरक पडतोच, म्हणून मी एका गार सकाळी ब्रेक धरून पूर्ण थ्रॉटल दिला: पहिल्या दिवशी नोंदवलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ १०० आरपीएम कमी. लोब झिजला की व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, सिलिंडरला श्वास कमी पडतो, आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज उडवणाऱ्याला जाणवत नाही. नोंदी ठेवा. पहिल्या दिवसापासून.

त्या इंजिनला कागदी फिल्टर नव्हता, नुसती जाळी. अशा इंजिनचं तेल २५ तासांनी बदलायचं असतं. मी त्याच दिवशी सक्शनची जाळी काढली. आत चमकणारे खवले होते, नखाएवढे नाहीत पण डोळ्यांना स्पष्ट दिसतील असे, आणि लोहचुंबक जवळ नेताच सगळे त्याला येऊन चिकटले. मी विमान हँगरमध्ये ढकललं आणि दादाला फोन केला. तो आला, जाळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "कॅम तर आधीच गेलेला होता ना? आज कळलं काय, तेव्हा कळलं असतं काय. खर्च तोच."

यावर आम्ही इतकी वर्षं भांडतोय. त्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. कॅम सतरा वर्षांत गेला होता, आमच्या २३ तासांत नाही. पण खर्च तोच नव्हता. आधी उघडलं असतं तर कॅम, टॅपेट, गास्केट आणि जोडीला लागेल ते, एवढ्यावर भागलं असतं. जाळी मोठे खवले अडवते, बारीक कीस तिच्यातून पुढे जातो. तो ऑइल पंपात गेला, पंपाच्या घरावर ओरखडे पडले. मेन बेअरिंगमध्ये रुतला. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) घासून एक माप कमी करावे लागले. ओव्हरहॉलचं बिल विमानाच्या किमतीपेक्षा मोठं झालं आणि विमान आणखी दीड वर्ष जमिनीवर राहिलं. शिवाय त्या २३ तासांत आम्ही दोघं आलटून-पालटून त्याच इंजिनच्या भरवशावर हवेत होतो. दादा हा मुद्दा कधीच हिशेबात धरत नाही.

तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. स्वतः करता येतं का? हो, पण तुमच्या देशाच्या नियमांत ज्याच्या सहीला किंमत आहे असा इंजिनिअर विमान घेण्याआधी शोधा. काय तुम्ही करायचं आणि काय त्याच्या डोळ्यांदेखत करायचं हे आधी ठरवा, नाहीतर तुम्ही मेहनतीने बंद केलेलं झाकण तो पुन्हा उघडायला लावेल आणि ते बरोबरच असेल. लॉगबुक पूर्ण नसतील तर विमान कितीही स्वस्त असो, सोडून द्या. कोणते एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (विमान सुरक्षित राहावं म्हणून काढलेले सक्तीचे सरकारी आदेश) पाळले गेलेत हे त्यातूनच कळतं. किती वेळ लागेल? आम्ही सहा महिने धरले होते, शेवटच्या सहीपर्यंत तीन वर्षं चार महिने लागले.

एक राहिलं. तुमच्या विमानात काँटिनेंटल ओ-२०० असेल, म्हणजे सेस्ना १५० वगैरे, तर त्यात कॅम क्रँकच्या खाली असतो आणि तेल धरून राहतो, त्यामुळे धोका कमी असतो. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. तरी सिलिंडर आतून बोअरस्कोपने (बारीक भोकातून आत घालायचा कॅमेरा) पाहाच, भिंतींवर गंज तिथेही धरतो. आणि सिलिंडर काढायचं काम स्वतः करू नका. सिलिंडर धरून ठेवणारे, इंजिनच्या आरपार जाणारे बोल्ट ढिले असताना कुणी क्रँक फिरवला तर मेन बेअरिंग जागची सरकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

विकणाऱ्याला एवढंच विचारा: माझ्या खर्चाने, माझ्या इंजिनिअरकडून दोन सिलिंडर काढून कॅम पाहू देणार का? नाही म्हणाला तर इंजिनची किंमत शून्य धरून बोली लावा.

दादा, हे तुझ्या वाचनात येईलच. जुना कॅम मी टाकलेला नाही, माझ्या कपाटात खालच्या खणात कापडात गुंडाळून ठेवलाय. येशील तेव्हा काढून देते. पुढच्या इन्टेक लोबवरून एकदा नख फिरव.