एमपीथ्रीचं फ्लॅक केल्यावर गेलेला आवाज परत येतो का?

प्रश्न: ताई, पंधरा वर्षांत जमवलेली सुमारे १,८०० गाणी माझ्या संगणकावर आहेत, सगळी १२८ केबीपीएसची एमपीथ्री. फ्लॅकचा दर्जा उत्तम असतो असं वाचलं, म्हणून रात्रभर संगणक चालू ठेवून सगळी फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केली. आता एकेक फाइल पाच-सहा पट मोठी झाली आहे, पण आवाज मला पूर्वीसारखाच वाटतो. माझे कान कमी पडतात का? आणि जुन्या एमपीथ्री आता पुसू का?

उत्तर: एमपीथ्री पुसू नका. पुसायच्याच असतील तर नव्या फ्लॅक फाइली पुसा. तुमचे कान बरोबर सांगताहेत.

सीडीवर आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट या वेगाने लिहिलेला असतो. १२८ केबीपीएसची एमपीथ्री म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. बाकीचा भाग एन्कोडरने, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅमने, टाकून दिलेला असतो. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही, या गृहीतावर तो काय टाकायचं ते ठरवतो. हे काम तो खूप हुशारीने करतो, म्हणूनच एवढ्याशा फाइलमधलं गाणंही ऐकवतं. पण जे टाकलं ते फाइलमध्ये कुठेही उरत नाही. फ्लॅक त्याला जे द्याल ते बिट न् बिट जपतो. तुम्ही त्याला एमपीथ्रीचा आवाज दिलात, त्याने तोच जपला, फक्त जास्त जागा घेऊन.

डोळ्यांनी खात्री करून घ्यायची असेल तर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात तुमची एखादी नवी फ्लॅक उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र, निवडा. सुमारे १६ हजार हर्ट्‌झच्या वर बहुधा सपाट काळोख दिसेल, कुणी पट्टी ठेवून कापल्यासारखा. थेट सीडीवरून घेतलेली फाइल शेजारी उघडली की फरक लगेच कळतो. कानांना हा फरक टाळ्यांच्या कडकडाटात, झांजेत, तंबोऱ्याच्या झंकारात आणि ‘स’, ‘श’ या अक्षरांत आधी जाणवतो. आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

हाच नियम इतर कन्व्हर्जनलाही लागू आहे. १२८ ची ३२० केलीत किंवा एमपीथ्रीची एएसी (एमपीथ्रीसारखाच काही भाग टाकणारा दुसरा फॉरमॅट) केलीत, तर आवाज सुधारत नाही; पुन्हा एकदा एन्कोडरच्या हाताखालून जातो आणि थोडा आणखी झिजतो. एमपीथ्रीची सुरुवात-शेवट कापायचा असेल तर एमपीथ्रीडायरेक्टकटसारखा प्रोग्रॅम वापरा. तो पुन्हा एन्कोड न करता कापतो. तुमच्या १,८०० फाइली आहेत तशा ठेवा. त्यांतली जी गाणी जिवाजवळची आहेत, त्यांच्या मूळ सीडी शोधा आणि त्यावरून नव्याने फाइली करा. मी चाळीसएक अल्बमचं असं केलं. वेळ लागला, पण त्यातली काही गाणी मी तेव्हा पहिल्यांदाच पूर्ण ऐकली असं वाटलं.

प्रश्न: माझ्याकडे तीनशे सीडी आहेत. संगणकावर घ्यायच्या तर वॅव्ह, फ्लॅक की ३२० ची एमपीथ्री? हे काम मला दुसऱ्यांदा करायचं नाही.

उत्तर: दुसऱ्यांदा करायचं नसेल तर फ्लॅक. वॅव्हमध्येही आवाज पूर्ण असतो, पण तासाभराच्या सीडीला सुमारे ६३५ एमबी लागतात, आणि गायक, अल्बम, वर्ष ही माहिती वॅव्हमध्ये सगळ्या प्लेअरना नीट वाचता येत नाही. फ्लॅक तोच आवाज साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत ठेवतो. शिवाय मूळ आवाजाचा एक तपासणी-आकडा फाइलच्या आतच लिहून ठेवतो, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल बिघडली आहे का हे पडताळता येतं. मला फ्लॅकमधलं सर्वांत जास्त हेच आवडतं. कॉम्प्रेशनची ० ते ८ अशी पातळी विचारतात, त्याचा आवाजाशी संबंध नाही. फक्त फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो. ५ वर राहू द्या. ॲपलच्या म्युझिक ॲपमध्येच गाणी ऐकत असाल तर एएलएसी निवडा, तो फ्लॅकसारखाच पूर्ण आवाज जपणारा ॲपलचा फॉरमॅट आहे. फ्लॅकमधून एएलएसीत किंवा उलट केव्हाही जाता येतं आणि काहीही हरवत नाही.

विंडोजवर सीडी रिप करायला, म्हणजे संगणकावर उतरवून घ्यायला, मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरते. चरा पडलेला भाग तो पुन्हा पुन्हा वाचतो, आणि ॲक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदींच्या मदतीने तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून घेतलेल्या प्रतींशी जुळते का ते सांगतो. जुळली नाही तर सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको, आणि पुन्हा घ्या.

आता या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन वेगळे फोल्डर करा. माझ्याकडे त्यांची नावं ‘मूळ’ आणि ‘प्रती’ अशी आहेत. फ्लॅक ‘मूळ’मध्ये जातात आणि तिथे मी टॅगमधली (फाइलच्या आत लिहिलेल्या गायक, अल्बम या माहितीतली) चूक सुधारण्यापलीकडे कशालाही हात लावत नाही. फोनसाठी, गाडीसाठी, जुन्या प्लेअरसाठी जे लागेल ते ‘मूळ’मधून काढून ‘प्रती’मध्ये ठेवते, आजही बहुतेक एमपीथ्री, लेम एन्कोडरच्या व्ही२ सेटिंगवर. ती सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास येते आणि फोनवर मला पुरते. नवं यंत्र आलं, नवा फॉरमॅट हवा झाला, की ‘प्रती’ पूर्ण पुसून पुन्हा काढायच्या. प्रतीवरून प्रत कधीही काढायची नाही.

फाइलच्या नावात ट्रॅकचा क्रमांक ०१, ०२ असा दोन आकडी द्या, नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात.

प्रश्न: .एम४ए फाइलचं नाव बदलून .एमपी३ केलं तर चालतं का?

उत्तर: नाही. नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही. काही प्लेअर आत डोकावून तरीही वाजवतात, त्यामुळे जमल्यासारखं वाटतं. एम४ए हा नुसता डबा आहे: आत एएसी असू शकते किंवा एएलएसीही. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइलची कोडेक माहिती, म्हणजे आवाज कोणत्या पद्धतीने साठवला आहे ते, पाहा. एएलएसी असेल तर ती ‘मूळ’ म्हणून जपण्याजोगी आहे.

प्रश्न: मी मेहनतीने सगळ्या गाण्यांची नावं देवनागरीत भरली. संगणकावर छान दिसतात, गाडीतल्या प्लेअरवर मात्र प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. सगळी पुन्हा इंग्रजीत टाइप करू का?

उत्तर: एवढी मेहनत मुळीच वाया घालवू नका. मीही सगळं देवनागरीतच ठेवते आणि त्याबद्दल मी हट्टी आहे.

एमपीथ्रीच्या आतली माहिती आयडीथ्री नावाच्या टॅगमध्ये असते. १९९६ साली आलेला त्याचा पहिला प्रकार अवघा १२८ बाइटचा, फाइलच्या शेवटी चिकटवलेला. गाण्याच्या नावाला त्यात ३० बाइट. हे रोमन अक्षरांपुरतं आखलेलं होतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘चांदणं’ या एका शब्दाला १८ बाइट लागतात. म्हणजे त्या टॅगमध्ये आपली नावं बसवायची सोयच नव्हती. पुढच्या दुसऱ्या आवृत्तीत, आयडीथ्री व्ही२ मध्ये, ही अडचण राहिली नाही.

चौकोन दिसत असतील तर नाव शाबूत आहे, त्या यंत्रात देवनागरीचा फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं असतील तर तीच फाइल संगणकावर एमपीथ्रीटॅग या टॅग भरायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तिथेही प्रश्नचिन्हं दिसली तर कुठल्यातरी कन्व्हर्टरने नाव पुसलेलं आहे आणि ते पुन्हा भरण्यावाचून इलाज नाही. तुमच्याकडे संगणकावर नीट दिसतंय, म्हणजे दोष वाचणाऱ्या यंत्राचा. एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये आयडीथ्री व्ही२.३, यूटीएफ-१६ निवडा आणि चार-पाच फाइली पुन्हा सेव्ह करून गाडीत लावून पाहा. जुनी यंत्रं २.४ पेक्षा २.३ जास्त नीट वाचतात. तरीही जमलं नाही तर फक्त गाडीच्या प्रतींमध्ये रोमन नावं द्या, मूळ फाइलींमध्ये नाही.

आपल्या लिपीतली आणखी एक अडचण मला फार उशिरा कळली. ‘ॲ’ हे एका चिन्हाने लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. त्यामुळे एकाच गायकाची किंवा एकाच अल्बमची दोन दोन नावं यादीत दिसतात. एक नाव कॉपी करून सगळ्या फाइलींत तेच पेस्ट करा.

प्रश्न: आईच्या आवाजातल्या तीन कॅसेट सापडल्या. ती आता नाही. संगणकावर घ्यायला घाबरतोय, काही बिघडलं तर?

उत्तर: दादा, तुमची भीती मला कळते. २००४ साली मी वडिलांच्या अकरा कॅसेट संगणकावर घेतल्या. अकरा तासांच्या वॅव्ह फाइली सुमारे ७ जीबी झाल्या. माझी हार्ड डिस्क ४० जीबीची होती, जवळजवळ भरलेली. मी सगळ्याची ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली, सव्वातीनशे एमबीत मावली, आणि वॅव्ह पुसल्या. कॅसेट आहेतच, असा विचार केला. काही वर्षांनी त्या काढल्या तेव्हा टेपला बुरशी लागलेली होती. आज माझ्याकडे वडिलांचा आवाज आहे तो एवढाच. त्या अकरा फाइली मी कशातही कन्व्हर्ट करत नाही.

म्हणून आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट लावूच नका, या कामातल्या जाणकाराकडे द्या. टेप स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावा, माइकच्या खाचेत नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटीत सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर रेकॉर्ड करून फ्लॅकमध्ये ठेवा. खरखर काढायचा मोह होईल, ती वेगळ्या प्रतीत काढा. मूळ फाइलमध्ये खरखरही राहू द्या. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅसेट त्यानंतरही टाकू नका.

एका कॅसेटची पहिली बाजू झाली की हेडफोन लावून ती फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, आणि मगच दुसरी बाजू लावा.