‘अनयूज्ड लेयर्स पर्ज करा’ : मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा: ऑटोकॅड (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) शिकवण्यासाठी मराठी टिपणं तयार करताना ‘अनयूज्ड लेयर्स पर्ज करा’ ही सूचना ‘न वापरलेले थर शुद्ध करा’ अशी लिहिली तर चालेल का?

नाही चालणार. तिन्ही शब्द अडतात.

‘थर’ म्हटला की जाडी आली आणि क्रम आला. दहीहंडीत खालचा थर हलला की वरचा कोसळतो. ऑटोकॅडचा लेयर म्हणजे रेघांचा नाव दिलेला गट, भिंती एकात, प्लंबिंग दुसऱ्यात; त्याला यातलं काहीच नाही. कोणती रेघ कोणत्या रेघेवर दिसणार हे त्या त्या वस्तूच्या ड्रॉ-ऑर्डरवर (वर-खाली दिसण्याच्या क्रमावर) ठरतं, लेयरवर नाही. फोटोशॉपमध्ये वरचा लेयर खालच्याला झाकतो, म्हणून ते शिकून आलेला मुलगा आधीच तिथे गडबडतो, त्यात ‘थर’ भर घालेल. ‘स्तर’ही नको, कारण इमारतीच्या नकाशात प्लिंथ लेव्हल, स्लॅब लेव्हल वगैरे उंचीचे स्तर असतातच. लेयरला लेयरच म्हणा. ‘तो लेयर’ आणि ‘ती लेयर’ दोन्ही ऐकू येतं. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

‘शुद्ध करा’मध्ये चूक वेगळी आहे. लेयर शुद्ध केला म्हणजे तो उरला, फक्त स्वच्छ झाला. इथे तर तो जायचा आहे. साफ होतं ते ड्रॉइंग, लेयर निघून जातो. (‘पर्ज’चा मूळ लॅटिन अर्थ साफ करणं असाच आहे, आणि इंग्रजीत तो जुलाबालाही लागतो, म्हणून कुणी ‘विरेचन’ सुचवण्याआधीच नको म्हणून ठेवतो.) ऑफिसात लोक सरळ ‘पर्ज मार’ म्हणतात. टिपणांत ‘पर्ज कमांड देऊन काढून टाका’ लिहिलं की काम झालं. मात्र ‘उडवा’ हा शब्द इथे वापरू नका, तो ‘लेडेल’ (LAYDEL) या दुसऱ्या कमांडसाठी राखून ठेवा. पर्ज फक्त कुणालाच लागत नसलेला लेयर काढते. लेडेल लेयर आणि त्यावरची प्रत्येक रेघ दोन्ही उडवते, ब्लॉकच्या (एकदा काढून हवी तितक्यांदा टाकायच्या आकृतीच्या) आतलीसुद्धा. दरवाजाच्या ब्लॉकमध्ये पल्ला कसा उघडतो ते दाखवणारी कमान जुन्या लेयरवर असेल, तर लेडेलनंतर नकाशातल्या त्या ब्लॉकच्या सगळ्या दरवाजांची कमान एकदम जाते.

खरी गोम ‘न वापरलेले’मध्ये आहे. मराठीत न वापरलेली वही म्हणजे कोरी वही, कधी हातच न लागलेली. पर्जला इतिहास कळत नाही. वर्षभर वापरून आज रिकामा झालेला लेयर आणि टेम्प्लेटमध्ये (नव्या ड्रॉइंगच्या नमुना-फाइलमध्ये) तयार ठेवलेला पण अजून काही न काढलेला लेयर, दोन्ही तिला सारखेच. म्हणून ‘पर्ज ऑल’ दाबलं की ऑफिसचे प्रमाणित लेयरही जातात आणि पुढचा माणूस प्लंबिंग ‘झिरो’ या मूळच्या लेयरवर काढत बसतो. टेम्प्लेट फाइलवर पर्ज मारायचीच असेल तर यादीत एकेक खूण पाहून मारा.

‘रिकामे लेयर’ हेही पुरत नाही. पडद्यावर रिकामा दिसणारा लेयर पर्जच्या यादीत येत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. त्यावरच्या वस्तू फ्रीझ, म्हणजे लपवून ठेवलेल्या, असतात. किंवा एखाद्या ब्लॉकच्या व्याख्येत त्याची रेघ असते, जरी तो ब्लॉक नकाशात कुठेही टाकलेला नसला तरी. किंवा त्यावर शून्य लांबीची रेघ वा कोरा टेक्स्ट पडलेला असतो, जो डोळ्यांना दिसतच नाही. पहिल्यासाठी आधी सगळे लेयर थॉ करून, म्हणजे फ्रीझ काढून, पाहा. दुसऱ्यासाठी आधी ब्लॉक पर्ज करा, मग लेयर. एक गेला की दुसरा मोकळा होतो, म्हणून काही सापडेनासं होईपर्यंत कमांड पुन्हा द्यावी लागते. ब्लॉक वापरात असेल तर ब्लॉक एडिटरमध्ये ती रेघ योग्य लेयरवर न्या. तिसऱ्यासाठी पर्जमध्येच शून्य लांबीच्या वस्तू आणि कोरे टेक्स्ट काढायचे वेगळे पर्याय आहेत. 2020 पासूनच्या आवृत्तीत पर्जच्या चौकटीतच न निघणाऱ्या गोष्टींचा वेगळा भाग आहे. तिथे लेयर निवडला की तो का अडला याचं कारण दिसतं.

याशिवाय ‘झिरो’, डेफपॉइंट्स (मापं टाकताना ऑटोकॅड स्वतः बनवतं तो लेयर) आणि चालू लेयर निघत नाहीत. नावात उभी दांडी (|) असलेला लेयर एक्सरेफमधून, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइलमधून, आलेला असतो; तो मूळ फाइल उघडून तिथेच काढायचा.

तेव्हा नेमका अर्थ ‘ज्याच्याकडे कुणाचाच संदर्भ नाही असा’ इतकाच. कमांड लाइनवर ऑटोकॅड स्वतःही ‘अनरेफरन्स्ड’ म्हणतं, ‘अनयूज्ड’ नाही. वर्गात बोलताना ‘बेवारस लेयर’ म्हणा, लगेच कळतं: ना वस्तू, ना ब्लॉक, कुणीच हक्क सांगत नाही. छापील टिपणांत ‘वापरात नसलेले’ ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगून टाका. माझ्या मते सूचना अशी असावी: ‘ड्रॉइंगची प्रत ठेवा. सर्व लेयर थॉ करा. पर्ज कमांड देऊन वापरात नसलेले, म्हणजे कोणतीही वस्तू किंवा ब्लॉक ज्यांचा संदर्भ घेत नाही असे, लेयर काढून टाका. टेम्प्लेटचे प्रमाणित लेयर यादीतून वगळा.’