दोघांनी मिळून गप्पांचा पॉडकास्ट करायचाय, लोक शेवटपर्यंत ऐकतील असा कसा करायचा?

सगळ्यात आधी को-होस्ट. नुसता जवळचा मित्र आहे म्हणून घेऊ नका, दोघांना एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूने दिसते का ते बघा, कारण दोघंही प्रत्येक वाक्याला "हो ना, अगदी बरोबर" करत बसले तर ऐकणाऱ्याला काही मिळतच नाही. एकाला विषय चांगला माहीत असेल तर दुसऱ्याने ऐकणाऱ्याच्या मनातले प्रश्न विचारायचे, हे जमलं की खूप फरक पडतो. पूर्ण स्क्रिप्ट लिहू नका, वाचून दाखवल्यासारखं वाटतं, चार-पाच मुद्दे आणि सुरुवात कुठून करायची एवढंच ठरवा, आणि हो, भारी किस्सा रेकॉर्डिंगच्या आधी एकमेकांना सांगून टाकू नका, दुसऱ्यांदा ऐकताना ते खरं हसू येत नाही आणि ते लगेच कळतं!

एकमेकांचं बोलणं तोडणं ही मोठी अडचण. समोरासमोर असाल तर हाताची एखादी खूण ठरवून घ्या. ऑनलाइन असाल तर आवाज जरा उशिरा पोचतो म्हणून हे जास्तच होतं, तेव्हा हेडफोन लावा आणि प्रत्येकाने आपला आवाज आपल्याच मशीनवर वेगळा रेकॉर्ड करा, मग एकाचा खोकला दुसऱ्याचं वाक्य न कापता काढता येतो. लाउडनेस साधारण -१६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसतं) ठेवा, ॲपलची शिफारस पण तीच आहे. आणि एडिट करताना पहिली दोन मिनिटं बिनधास्त कापा, निम्म्या वेळा खरा विषय त्यानंतरच सुरू होतो.