पुणे सोडून कोल्हापूर?

प्रश्न : ताई, आम्ही सिंहगड रस्त्यावर २६ हजार भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझं काम घरून चालतं, पत्नी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगा चार वर्षांचा. तिचं माहेर कोल्हापूर. तिकडे गेलात तर निम्म्या खर्चात भागेल, असं सगळे सांगतात. खरंच भागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : निम्म्यात नाही भागणार. २०१७मध्ये कोथरूडहून कोल्हापूरला आलो तेव्हा मीही असाच हिशेब मांडला होता. कोथरूडला २२ हजार भाडं होतं, राजारामपुरीत तेवढंच घर १० हजारांत मिळालं. १२ हजार सुटले. पण मी पुण्यात अकाउंट्सच्या कामाला ३६ हजार घेत होते, इथे त्याच कामाचे २१ हजार मिळाले. म्हणजे महिन्याला ३ हजारांनी आम्ही मागेच गेलो! किराणा, सिलिंडर, पेट्रोल दोन्हीकडे जवळपास सारखंच. घरकामाच्या मावशी, शिकवणी स्वस्त पडते खरी, पण ती इथले पगारच कमी म्हणून. त्या कमी पगारात तुमची पत्नीही येणार. तेव्हा घर सोडण्याआधी तिनं कोल्हापुरातल्या तीन-चार रुग्णालयांत पगाराचा आकडा विचारून घ्यावा. तुम्ही घरून कामाची परवानगी कंपनीकडून लेखी घ्या. दर आठवड्याला ऑफिसात बोलावलं तर २३० किलोमीटर आहे, एसटीनं पाच-सहा तास जातात.

आता मिळालं काय ते सांगते. नवरा चाकणला जायचा, जाऊन-येऊन साडेतीन तास. मुलगी झोपल्यावर घरी. इथे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्याला पूर्वीएवढाच पगार मिळाला आणि तो सहाला घरी येऊ लागला. मुलीला सायकल त्यानंच शिकवली, रोज संध्याकाळी विद्यापीठाच्या परिसरात नेऊन. कधी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जायचो, समोर म्हैस पिळून दिलेला फेसाळ पेला दोघं मिळून संपवायची. त्या ३ हजारांची हळहळ मला एक दिवसही वाटली नाही. तुमचं मात्र वेगळं आहे. तुम्ही आत्ताही घरीच असता, त्यामुळे वेळेची ही कमाई तुम्हाला आमच्याइतकी होणार नाही. आजी-आजोबा जवळ असतील, ते मोलाचं आहेच.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका. घर बघायला जाल तेव्हा दलालाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा : २०१९ला आणि २०२१ला पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची खूण तो बोटानं दाखवेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. या दोन्ही वर्षी नदी त्याच्या कितीतरी वर गेली, महामार्ग बंद पडला आणि आमच्या ओळखीच्या एका घरानं पहिल्या मजल्यावरून होडीत पाय ठेवला. पूररेषेच्या आतलं घर स्वस्त मिळतं. ते घेऊ नका. उंचावर भाड्यानं एक पावसाळा काढा, विकत घ्यायचं नंतर बघा.