वाचकांचे प्रश्न : यात ‘फोक’ ते काय?

प्रश्न : माझी मुलगी सध्या ‘बॉन इव्हेर’ या नावाने गाणाऱ्या अमेरिकी कलाकाराची गाणी गिटारवर बसवते आहे. हे ‘इंडी फोक’ आहे, असे ती सांगते. दर वर्षी ‘सवाई’ला हजेरी लावणाऱ्या माझ्या कानाला यात ना लोकगीत सापडते, ना शब्द उमगतात. शिवाय ती मधूनच गिटार नव्याने का जुळवत बसते?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘फोक’ म्हटले की आपल्याला ओवी, गोंधळ, भारूड आठवते आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तिथेच होते. इथे साधे वाद्य घेऊन स्वतःचे गाणे स्वतः म्हणण्याची रीत तेवढी लोकगीतांकडून आलेली आहे. ‘इंडी’ म्हणजे बड्या कंपनीच्या आधाराशिवाय काढलेले. ‘बॉन इव्हेर’ या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्नन याने २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधील वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात सुमारे तीन महिने एकट्याने राहून ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’ या संग्रहाची नऊ गाणी बहुतांशी मुद्रित केली आणि २००७ मध्ये त्याच्या ५०० प्रती स्वतःच काढल्या.

गीतरामायणात शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या. इथे दोन्ही कामे एकाच माणसाची. आपल्याकडे शाहीरही स्वतः रचतो आणि गातो, पण तो मैदानासाठी गातो, तर हा गायक माईकला ओठ लावून जणू एकाच श्रोत्यासाठी गातो.

शब्द उमगत नाहीत, यात दोष आपल्या कानाचा नाही. व्हर्ननने आधी निरर्थक अक्षरांवर चाली गाऊन ठेवल्या आणि त्या ध्वनींतून पुढे शब्द शोधले; शिवाय आपल्याच पातळ, चढ्या आवाजाचे थरावर थर रचले. तराण्यात आपण अर्थ शोधत नाही, तसे पहिल्या दोन-तीन वेळा ऐकावे. (माझ्या मते काही ओळी अर्थ कळल्यावरही धूसरच राहतात.)

सर्वांत रंजक प्रश्न मात्र आपण शेवटी विचारला आहे. याच संग्रहातील ‘स्किनी लव्ह’ या गाण्यासाठी गिटारच्या तारा नेहमीच्या स्वरांऐवजी, जाड तारेपासून, सी-जी-ई-जी-सी-सी अशा लावतात. सीला षड्ज मानले तर हे सा-प-ग-प-सा-सा झाले. त्यामुळे डाव्या हाताने एकही तार न दाबता सगळ्या तारा एकदम छेडल्या, तरी सुरेल झंकार उमटतो आणि गाणाऱ्याच्या पाठीशी षड्ज-पंचम अखंड राहतो. शेवटच्या दोन तारा एकाच सुरात असतात, म्हणजे तंबोऱ्याची जोडीच. त्यांत केसभर फरक राहिला तरी आपल्या कानाला तो तिच्याआधी कळेल. पुढच्या वेळी ती जुळवायला बसली की जवळ बसून तेवढी जोडी लावून द्यावी. फक्त जाड बाजूने तिसरी तार एक पूर्ण स्वर चढवायची असल्याने ती सावकाश पिळायला सांगावे, नाही तर तुटते.