राणीबाग बघायला किती वेळ लागतो? लहान मुलांना आवडेल का?

आवडेल. पण पेंग्विन बघून तासाभरात परत फिरायचा बेत असेल तर भायखळ्याला जाण्याचा खटाटोप कशाला? राणीबाग १८६२ साली उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून, प्राणी मागाहून आले. २००७च्या सुमारास पुनर्विकासाचा आराखडा आला तेव्हा नागरिकांनी मोहीम केली तीही झाडांसाठी.

पेंग्विन मात्र आधी उरका, नंतर रांग वाढते. ‘बर्फ कुठाय?’ असं पोरं विचारणारच. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना गारवा आणि थंड पाणी लागतं, बर्फ नाही. वाघही सकाळीच बघा, दुपारी तो सावलीत आडवा झालेला असतो.

मग झाडं. उर्वशी मूळची ब्रह्मदेशची. लाल फुलांवर पिवळे ठिपके, घोस खाली लोंबणारे, बहर हिवाळ्याच्या शेवटी. तिची कोवळी पालवी तपकिरी-गुलाबी आणि लुळी असते. बघणारे महापालिकेला शिव्या घालतात, की झाडाला पाणी घालत नाहीत. पानं हिरवी झाली की आपोआप ताठ होतात. ब्राउनियाचे लाल गेंद पानांआड लपतात, खाली उभं राहून वर बघावं लागतं. कैलासपतीला फुलं थेट खोडावर येतात, वास घ्यायला मुलांना उचलावंही लागत नाही. पण फळं लागली असतील तर खाली थांबू नका, ती तोफगोळ्याएवढी असतात. गोरखचिंच उन्हाळ्यात निष्पर्ण असते, ती मेलेली नाही.

‘झाडं काय, कुठेही असतात’ म्हणणारे आमच्या नात्यातही आहेत. त्यांनी उर्वशी सोसायटीत लावून दाखवावी. बी क्वचितच धरते, गुटी बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडवून, रोप करावं लागतं, आणि ते कोरड्या हवेत टिकत नाही.

आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिकीट वेगळं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं, तो मूळ पुतळाही आता इथेच आहे.

वेळ म्हणाल तर तीन तास धरा. मुलं अगदी तान्ही असतील तर झाडांचा बेत सोडा, कडेवर घेऊन फिरणं जड जातं. बुधवारी बाग बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मात्र उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, तेव्हा त्या आठवड्यात आधी चौकशी करा. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरा.