खाऱ्या हवेच्या सबबीवर नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : तारकर्लीला आम्ही पती-पत्नी घरगुती होमस्टे चालवतो. पाहुण्यांसाठी मुंबईच्या विक्रेत्याकडून सात लाखांचे परदेशी बनावटीचे पिनबॉल मशीन घेतले. वर्षाची वॉरंटी असताना पाचव्या महिन्यातच डाव्या फ्लिपरची (चेंडू टोलवणाऱ्या दांड्याची) कॉईल, म्हणजे त्याला हलवणारे तारेचे वेटोळे, जळली. खाऱ्या हवेने गंज चढला म्हणून वॉरंटी लागू नाही, मशीनमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाठवा, उत्पादक पाहील, असे विक्रेता सांगतो. काय करावे?

उत्तर : बोर्ड तूर्त पाठवू नये. तो एकदा परदेशी गेला की गंज होता की नव्हता, हे दाखवायला आपल्या हाती काहीच उरणार नाही. फ्लिपरचा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यास कॉईलमधील प्रवाह थांबत नाही व ती जळते. त्याचा समुद्राशी संबंध असतोच असे नाही. म्हणून मशीन स्वतः न उघडता, विक्रेत्याला आगाऊ लेखी कळवून, जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, कनेक्टरच्या पिनांची जवळून छायाचित्रे काढावीत आणि बिघाडाचे कारण लेखी घ्यावे. पिनांवर गंजाचा हिरवट थर नसेल, तर विक्रेत्याची बाजू तिथेच लंगडी पडते.

खरी अडचण वेगळी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही आणि विक्रेत्याचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका मिळवण्यासाठी घेतलेला आणि स्वतः वापरलेला माल व्यापारी प्रयोजनाचा धरला जात नाही. मदतीला एखाददुसरा माणूस असल्याने हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ सालीच म्हटले आहे. होमस्टे आपण दोघेच चालवता आणि घर त्यावरच चालते, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. मागाहून सुचलेला खुलासा ग्राहक आयोगापुढे फिका पडतो.

विक्रेत्याला पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने द्यावी. दाद न मिळाल्यास ओरोस येथील सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात दुरुस्ती, बदली किंवा परतावा, शिवाय भरपाई मागता येईल. या रकमेला शुल्क २०० रुपये आहे. बिलावर ‘मुंबई न्यायकक्षा’ छापलेले असले तरी घाबरू नये, कारण कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तेथेही तक्रार चालते. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे. ‘पार्ट येतोय’ अशा फोनवरच्या आश्वासनांनी ती आपोआप वाढत नाही.